लिटरला दहा ग्रॅम मॅनिटॉल

सोमवारी सकाळी मी इनक्युबेटरचं दार उघडलं आणि वरची प्लेट उजेडात धरली. प्लेट कोरी असायला हवी होती. ती कोरी नव्हती. दुसरी काढली, तिसरी काढली. बाराच्या बारा प्लेटींवर जंतूंच्या कॉलन्या उगवल्या होत्या, गोल, टपोऱ्या, तब्येतीनं उत्तम. महिन्याभरात हे चौथ्यांदा होत होतं.

"काय गं, मेले का?" मिलिंदनं मागून विचारलं.

"नाही."

"मग अभिनंदन. ज्यात कुणीच मरत नाही असा हा पहिलाच प्रबंध."

मिलिंद सावर्डेकर माझ्याच टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून संशोधन करायचा, म्हणजे बराच वेळ बोलायचा. त्याचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं हे लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं.

ही गोष्ट शहाण्णव सालची. कृष्णेच्या काठच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राचं छोटं संशोधन केंद्र होतं, आणि तिथं मी ताम्हनकर मॅडमच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. कॉलेजचं नाव सांगण्यात काही अर्थ नाही. कामाचं मात्र थोडं सांगावं लागेल, कारण त्यावाचून मी काय केलं ते कळणार नाही.

मॅनिटॉल नावाची एक पांढरी पूड असते. साखरेची चुलत बहीण म्हणा. रसायनशास्त्र तिला साखरेचं अल्कोहोल म्हणतं, पण तिनं चढत वगैरे काही नाही. जिभेवर ठेवली तर गोड आणि जराशी गार लागते, इतकंच. काही जंतूंना ती खाता येते. त्यासाठी त्यांना मुख्यतः दोन जनुकं लागतात. एक जनुक दार बनवतं. हे दार बाहेरचं मॅनिटॉल उचलून आत घेतं आणि घेता घेताच त्याच्यावर फॉस्फेटचा शिक्का मारतं. शिक्का बसला की माल पुन्हा बाहेर जात नाही. दुसरं जनुक चूल बनवतं, म्हणजे त्या शिक्क्याच्या मालाचं अन्न करतं. मॅडमनी फार वर्षांपूर्वी एक जंतू वेगळा काढला होता. त्याचं दार शाबूत होतं आणि चूल मोडलेली होती. त्याला दुसरं काहीही खायला द्या, मजेत जगतो. पण मॅनिटॉल दिलं की तो ते आत घेत सुटतो, शिजवता तर येत नाही, घरभर माल साचतो आणि त्यातच तो संपतो.

माझा सगळा प्रबंध या मरणावर उभा होता. जंतू किती लवकर मरतो यावरून दार किती वेगानं माल आत ओढतं हे मी मोजत होते. दोन वर्षं तो शिस्तीत मरत आला होता. आता मरायचं सोडून तो बाळसं धरत होता, आणि माझी मुदत मार्चमध्ये संपत होती.

"माध्यमात मॅनिटॉल कोण घालतं?" मिलिंदनं विचारलं. माध्यम म्हणजे प्लेटीत ओतायचं जंतूंचं खाद्य.

"मगदूममामा. नेहमीच."

"आणि जैनांचा चातुर्मास, त्यात आता पर्युषण चालू आहे." त्यानं खुर्ची मागं रेलली. "अगं, जो माणूस मुंगीला वाट देऊन पुढं जातो, तो तुझे कोट्यवधी जंतू मारील होय? चिमूटभर कमी घालत असतील बिचारे. तेवढंच पुण्य."

मी हसले. तोही हसला आणि आपल्या कामाला लागला. पाच मिनिटांत तो हे विसरूनही गेला असेल. मी विसरले नाही.

नेमगोंडा मगदूम हे आमच्या लॅबचे परिचर. कॉलेजात परिचरांना मामा म्हणायची पद्धत होती, तसे ते सगळ्यांचे मगदूममामा. शिरोळकडचे, जैन, वय चोपन्नच्या आसपास, अंगात खाकी शर्ट आणि कपाळावर बारीक केशरी टिळा. नोकरीच्या कागदावर त्यांचं काम बाक पुसायचं आणि काचसामान धुवायचं होतं. प्रत्यक्षात सव्वीस वर्षं लॅबमधलं सगळं माध्यम तेच बनवत होते, तराजू तेच सांभाळत होते, आणि वापरलेल्या प्लेटी संध्याकाळी ऑटोक्लेव्हमध्ये घालून तेच निर्जंतुक करत होते. नव्या मुलांना लूप, म्हणजे जंतू उचलायची तारेची कडी, कसा धरायचा हेही तेच दाखवायचे, मात्र शिक्षक आसपास नसताना. त्या वर्षी प्रयोगशाळा सहायकाची एक जागा रिकामी झाली होती. मामांना ती मिळावी म्हणून मॅडमनी शिफारशीचा कागद तयार केला होता. सेवेची चारच वर्षं उरलेली, तेव्हा पुन्हा संधी येणार नव्हती. कागद शुक्रवारी प्राचार्यांकडे जायचा होता. मामा कधी काही बोलले नव्हते, पण त्यांनी आठवडाभरात दोन वेळा तराजूची काच पुसली होती, ती आधीच स्वच्छ असताना.

मी माध्यमाच्या खोलीत गेले तेव्हा ते माध्यमात घालायचं पेप्टोन तोलत होते. बोटानं चमच्यावर हलकी टिचकी मारायची, दोन कण पडायचे, काटा बघायचा, पुन्हा टिचकी. काटा स्थिर होईपर्यंत मी थांबले.

"मामा, माझ्या माध्यमात मॅनिटॉल किती घालता?"

"दहा ग्रॅम. लिटरला."

"नक्की?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. "दोन वर्सं तेच घालतोय की, ताई. कमी पडलं काय?"

"जंतू मरत नाहीत."

"असं?" ते जरा विचारात पडले. "नवी बाटली फोडलीया गेल्या म्हैन्यात. पर कंपनी तीच हाय."

मी विषय वेगळ्या बाजूनं धरला. "तुमचा उपास चालू असेल ना?"

"एकभुक्त. चवदशीपर्यंत."

"मग या दिवसांत हे असलं काम... म्हणजे त्यांना मारायचं माध्यम करायला जड जात असेल."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा चमचा उचलला. "जीव तर जातुयाच की," म्हणाले, आणि टिचकी मारली.

एवढंच. ते तीन-चार शब्द मी घेऊन गेले, आणि जिना चढता चढता त्यांचं पुराव्यात रूपांतर करून टाकलं.

ताम्हनकर मॅडम खोलीत एकट्याच होत्या. बारीक अंगाच्या, कायम सुती साडी, आणि बोलणं असं की समोरच्याला आपलं वाक्य अर्धवट असल्याची जाणीव व्हावी. मी प्लेटी त्यांच्या टेबलावर ठेवल्या.

"चौथ्यांदा," त्या म्हणाल्या.

"हो."

"कारण?"

"मॅडम, माध्यमात मॅनिटॉल पुरेसं पडत नसावं."

"मगदूम चुकणार नाही. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे."

"चुकून नाही," मी म्हणाले. "मुद्दाम."

त्यांनी चष्मा काढला. मी बोलत गेले. चातुर्मास, त्यात पर्युषणाचे दिवस, जीव मारायचा नाही हा त्यांचा धर्म, ते स्वतःच म्हणाले की जीव जातो. मिलिंदचा विनोद मी माझ्या तोंडून सांगितला आणि त्यातलं हसू तेवढं काढून टाकलं. सांगताना ते इतकं पटण्यासारखं वाटत होतं की मलाच नवल वाटलं.

"तुला खात्री आहे?"

"दुसरं कारणच दिसत नाही."

मॅडमच्या हाताखाली मामांच्या शिफारशीचा कागद होता. खाली सहीची जागा मोकळी होती. त्यांनी तो उचलून फाइलीत ठेवला.

"हे खरं असेल तर मी याच्यावर सही करू शकत नाही," त्या म्हणाल्या. "हेतू चांगला असला तरी माप बदलणारा माणूस सहायक म्हणून मला चालणार नाही. तू स्वतः माध्यम बनव. स्वतः तोल. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत मला सांग. बाराला हा कागद खाली जातो, सही होऊन किंवा शेरा होऊन."

त्या दुपारी मी स्वतः माध्यम बनवलं. मामा जेवायला घरी गेल्यावर, त्यांच्या तराजूवर. दहा ग्रॅम तोलायला मला चौदा मिनिटं लागली. संध्याकाळी प्लेटींवर जंतू पसरले आणि त्या इनक्युबेटरमध्ये ठेवल्या.

बुधवारी सकाळी दार उघडलं. बाराच्या बारा प्लेटी भरल्या होत्या.

मी त्या टेबलावर ओळीनं मांडल्या आणि स्टुलावर बसून राहिले. मिलिंद गणपतीसाठी गावाला गेला होता, लॅबमध्ये कुणी नव्हतं. मॅनिटॉल मी घातलं होतं, पुरेपूर घातलं होतं, आणि तरी हे जगत होते. म्हणजे मामांनीही पुरेपूरच घातलं होतं. हे कळायला हुशारी लागत नव्हती. पण मग जंतूला झालं काय?

मामा काचसामानाची टोपली घेऊन आत आले. त्यांनी प्लेटींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मूळची बाटली काढून देऊ काय?" त्यांनी विचारलं.

"कुठली?"

"मॅडमनी तुमच्यासाठनं चौऱ्याण्णव साली भरून ठेवायला लावल्याली. मेण लावून ठेवलीया. तिला कुनी हात लावल्याला न्हाई."

त्यांनी फ्रिजच्या तळातून अंगठ्याएवढी बाटली काढली. तोंडाशी मेण, वर त्यांच्या वळणदार अक्षरात तारीख. ती माझ्यापुढं ठेवताना त्यांची नजर माझ्या दर आठवड्याच्या प्लेटींच्या चळतीवर गेली.

या चळतीचंही सांगायला हवं. जंतू जिवंत ठेवायला दर आठवड्याला नव्या प्लेटीवर उतरवावा लागतो. बाकीचे लोक तो साध्या माध्यमावर उतरवतात. मी मात्र फार दक्ष. त्या पावसाळ्यापासून मी रंगाची प्लेट वापरू लागले होते, तिच्यात थोडंसं मॅनिटॉल असायचं. मॅनिटॉल खाणारे जंतू त्या प्लेटीवर लाल होतात, न खाणारे पांढरे राहतात. माझा जंतू पांढराच आहे ना, बदलला तर नाही ना, याची मी दर सोमवारी खात्री करून घ्यायची आणि एक छान कॉलनी उचलून पुढच्या प्लेटीवर उतरवायची.

मामांनी चळतीच्या तळातली एक जुनी प्लेट उचलून खिडकीकडे धरली.

"ताई, ह्यात दोन जातीच्या दिसत्यात."

"सगळ्या पांढऱ्या आहेत की."

"पांढऱ्या हायत. पर ह्या बगा, बारक्या, मरतुकड्या. आन् ही एकच मोठी. हिलाच तुमी उचललंय, हितं लूपची खूण हाय."

मी प्लेट हातात घेतली. मग दुसरी, मग तिसरी. बीएस्सीच्या पहिल्या वर्षापासून आम्हाला शिकवलेलं असतं की कॉलनी उचलायची तर मोठी, सुटी, निरोगी उचलावी. मी दर सोमवारी इमानानं तेच केलं होतं. माझा खरा जंतू थोड्याशा मॅनिटॉलनंही कण्हत होता म्हणून त्याच्या कॉलन्या बारीक राहत होत्या. हजारांत एखाद्यानं मात्र आपलं दार मोडून टाकलं होतं. दारच नाही म्हटल्यावर मॅनिटॉल आत येत नाही, माल साचत नाही, आणि तो सुखानं वाढतो. चूल मोडली तरी पांढरा, दार मोडलं तरी पांढरा. रंगावरून दोन्ही सारखेच. मी त्यातला नेमका धडधाकट निवडून, जपून, वाढवून ठेवला होता.

"हां," मी म्हणाले.

"काय सापडलं?"

"बघते. करून बघते."

मामांनी मान डोलावली आणि टोपली घेऊन गेले. मी मेण खरवडलं.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला उत्तर माझ्या हातात होतं. मूळ बाटलीतला जंतू साध्या माध्यमावर छान वाढला होता. मॅनिटॉलच्या बारा प्लेटी कोऱ्या होत्या. त्या मी आडव्या-तिरप्या धरून पाहिल्या, एक ठिपका नव्हता.

मला आनंद झाला. तो आधी झाला हे मी लपवत नाही. प्रबंध वाचला होता, उलट त्यात एक नवं प्रकरण आलं होतं. मामांचा विचार नंतर आला, आणि त्याच्या मागोमाग मॅडमचा चेहरा. "कारण?" असं त्या विचारणार. मला म्हणावं लागणार, कारण मी. गेला महिनाभर मी चुकीचा जंतू पोसला, आणि बिल सव्वीस वर्षं तराजू धरणाऱ्या माणसावर फाडलं.

घड्याळात दहा वाजले. मग साडेदहा. मी प्लेटी पुन्हा मोजल्या. वहीत लिहिलं. मग मला सुचलं की प्रयोग एकदाच झालाय. तीनदा एकच उत्तर आल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, हा मॅडमचाच नियम. नियमाप्रमाणे मला अजून दोन वेळा करून बघायला हवं होतं. हा विचार मनात आल्याबरोबर मला मोकळं वाटलं, आणि तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं की काहीतरी चुकतंय.

बाराला पाच कमी असताना मॅडमनी वर बोलावलं. कागद टेबलावर होता.

"बोल."

"मॅडम, अजून पक्कं सांगता येत नाही. पुन्हा करून बघते."

"तू तोललेल्या माध्यमावर काय झालं?"

"थोडा गोंधळ आहे," मी म्हणाले. "पुढच्या आठवड्यात नक्की सांगते."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी त्यांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत होते. मग त्यांनी पेन उघडलं आणि शिफारशीच्या खाली एक ओळ लिहिली. उलटी असली तरी मला वाचता आली: "कामाच्या विश्वासार्हतेबाबत खातरजमा होईपर्यंत विचार व्हावा असे वाटत नाही." शिपायानं कागद नेला. तो दार लोटून गेला तेव्हा मी अजून तिथंच उभी होते, आणि जिन्यावरून त्याची पावलं ऐकू येत होती. हाक मारली असती तर तो थांबला असता.

मंगळवारी नोटीस लागली. सहायकाची जागा वनस्पतिशास्त्रातल्या एका माणसाला मिळाली होती. मामा रोजच्या वेळेला आले, रोजच्यासारखी उपकरणं पुसली. माझा प्रयोग तोपर्यंत तिसऱ्यांदाही तसाच आला होता.

त्यांचं पर्व संपलं. गुरुवारी त्यांच्यात क्षमावाणीचा दिवस असतो. मामा दरवर्षी त्या दिवशी लॅबमध्ये सगळ्यांपुढं हात जोडून जायचे. आम्हीही हात जोडायचो, कुणीतरी "असू दे मामा" म्हणायचं, आणि ते आणलेला खाऊ वाटायचे. त्या गुरुवारी ते धुतलेला पांढरा सदरा घालून आले. मिलिंदपुढं उभे राहिले, मग माझ्यापुढं.

"उत्तम क्षमा, ताई. वर्सभरात माझ्याकडनं कळत-नकळत काय चुकलं असंल तर क्षमा असावी."

मला संधी दिसली. अगदी सोयीची होती.

"मामा, माझंही काही चुकलं असेल तर मला क्षमा करा," मी म्हणाले.

त्यांनी जोडलेले हात खाली केले.

"काय चुकलंय?"

मिलिंदनं मान वर केली.

"म्हणजे, असंच. तुमच्यासारखंच. कळत-नकळत."

"माझं नकळत हाय," मामा म्हणाले. "तुमाला ठावं हाय तुमचं. ठावं असलं की नाव घेऊन मागायची असती. कशाची मागताय ती सांगा, मी देतो."

आवाज चढलेला नव्हता. ते थांबले होते, तराजूचा काटा स्थिर व्हायची वाट बघतात तसे. मिलिंद उठून बाहेर गेला, आणि त्याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं.

मी सांगितलं. मॅडमना सोमवारी काय बोलले, बुधवारी काय दिसलं, शुक्रवारी काय दिसलं आणि काय बोलले नाही. सांगायला वेळ फार लागला नाही.

"मॅडमनी सोमवारीच इचारलं मला," मामा म्हणाले. "मुद्दाम कमी घालतोस काय म्हणून."

म्हणजे बुधवारी त्यांनी बाटली काढून दिली, प्लेट उजेडात धरून बारक्या आणि मोठ्या दाखवल्या, तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. मला लाज वाटली. ती शब्दात नीट सांगता येत नाही, पण कानाच्या पाळ्या गरम झालेल्या आठवतात.

"तुम्ही काय सांगितलंत मॅडमना?"

"न्हाई म्हनून. दुसरं काय सांगनार?" त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले. लॅबमध्ये ते माझ्यासमोर बसलेले मी पहिल्यांदा पाहिले. "ताई, रोज सांजच्याला मी ऑटोक्लेव्ह लावतो. सव्वीस वर्सं. त्यात किती जातात त्याची गनती न्हाई. माझ्या हातानं जीव जातात ते मला ठावं हाय, आन् त्याचं काय करायचं ते मी देवळात आन् घरी बगून घेतो. ते माझं माझ्यापाशी. पर माप हे माझं एकट्याचं न्हाई. त्यात मी खोट करीन असं तुमाला कशावरनं वाटलं?"

"मिलिंद गमतीनं म्हणाला होता."

"त्यो गमतीनं म्हनला. तुमी?"

मी समोरचा लूप उचलून पुन्हा जागेवर ठेवला.

"शुक्रवारी का न्हाई सांगितलं मॅडमना?" मामांनी विचारलं.

"तीनदा करून बघायचं होतं. नियम आहे तसा."

"नियम चांगला हाय," मामा म्हणाले. "माझ्याबद्दल बोलायच्या आदी किती वेळा करून बगितलं होतं?"

"एकदाही नाही."

त्यांनी मान हलवली. मग उठले, स्टूल जागेवर सरकवलं आणि पुन्हा हात जोडले. "क्षमा दिली, ताई. आता वर जावा. तितं पन सांगा."

मी वर गेले. मॅडमनी मध्ये एकही प्रश्न न विचारता ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "तुझ्या शब्दावर मी सही थांबवली. त्याच्या शब्दावर का केली नाही, हे मला आता स्वतःला विचारायला हवं." त्याच दिवशी त्यांनी नवं पत्र लिहिलं आणि स्वतः खाली नेऊन दिलं. आठ दिवसांनी उत्तर आलं: जागा भरली गेली आहे, पुढील वेळी विचार केला जाईल. पुढची वेळ आली तेव्हा मामा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती.

माझा प्रबंध वेळेत पुरा झाला. दार मोडून जगणाऱ्या जंतूंचं प्रकरण त्यात चौथं होतं, आणि तेच सगळ्यात गाजलं. खुली मौखिक परीक्षा आमच्याच कॉलेजात झाली. सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं, पुण्याहून आलेले परीक्षक पुढच्या रांगेत होते. वयस्कर, प्रसन्न गृहस्थ. त्यांनी चौथं प्रकरण उघडून विचारलं, "हे फार सुंदर आहे. दोघंही पांढरे, दोघंही सारखे दिसणारे. मग हा दुसरा बदल आहे हे तुमच्या लक्षात आलं कसं?"

मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. मी उत्तर पाठ करून आले नव्हते, तरी ते तयार असल्यासारखं तोंडातून आलं.

"आधी मला मापाचाच संशय आला, सर. म्हणून मी माध्यम स्वतः तोलून बघितलं. मग जुन्या प्लेटी तपासल्या, तेव्हा कॉलन्यांच्या आकारातला फरक दिसला."

यातला प्रत्येक शब्द खरा होता.

"वा," परीक्षक म्हणाले, आणि सभागृहाकडे वळले. "मुलांनो, हे लक्षात ठेवा. रोजच्या सवयीच्या गोष्टीवरही संशय घेता यायला हवा. विज्ञान तिथून सुरू होतं."

टाळ्या वाजल्या. बराच वेळ वाजल्या. माझे वडील दुसऱ्या रांगेत होते, ते उभे राहिले. मागच्या दारातून मगदूममामा पाहुण्यांचा चहा घेऊन आत आले होते, आणि टाळ्या संपेपर्यंत भिंतीशी थांबले होते. त्यांचे दोन्ही हात ट्रेमध्ये अडकले होते म्हणून त्यांना टाळ्या वाजवता आल्या नाहीत, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आले.